अकरा पावलं नाल्याच्या अंगाला

मी विमानतळावर दिव्यांचं काम करायचो. टर्मिनलमधल्या नव्हे, धावपट्टीवरच्या दिव्यांचं. कडेचे पांढरे, टॅक्सीवेचे, म्हणजे धावपट्टीला जोडणाऱ्या वाटेचे, निळे, धावपट्टीच्या सुरुवातीचे हिरवे आणि टोकाचे लाल. 1987 साली लागलो, 2019 साली निवृत्त झालो. त्यातली पहिली बावीस वर्षं सांताक्रूझ-सहारला गेली. राहायला ठाण्यात, कोपरीला. लोकलने घाटकोपर, तिथून बेस्टने विमानतळ. या बावीस वर्षांतली शेवटची तीन-साडेतीन वर्षं कशी गेली, ते लिहून ठेवायचं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं. मुंबईचा विमानतळ भाडेपट्ट्याने खासगी कंपनीकडे गेला तो हा काळ, आणि त्यातून जाणाऱ्या माणसांपैकी मी एक होतो.

2003 मध्ये सरकारी विमानतळ प्राधिकरणाच्या, म्हणजे ज्याचा मी नोकर होतो त्याच्या, कायद्यात दुरुस्ती झाली आणि विमानतळ भाडेपट्ट्याने देण्याची वाट मोकळी झाली. आम्हा पाळीवाल्या लोकांना तेव्हा त्याचं गांभीर्य कळलं नाही. निविदा निघाल्या, सल्लागार येऊन गेले, युनियनच्या गेट मीटिंगा वाढल्या. तरी आमचं आपलं चाललं होतं, होईल तेव्हा बघू. 31 जानेवारी 2006 ला निर्णय आला: दिल्ली एका कंपनीसमूहाला, मुंबई दुसऱ्याला. लगेच देशभरातले प्राधिकरणाचे कर्मचारी संपावर गेले.

चार दिवस संप चालला. कोलकात्यात सगळ्यात कडक. मुंबईत विमानं उडत राहिली, पण टर्मिनलमध्ये कचऱ्याचे ढीग साचले आणि स्वच्छतागृहांत पाय ठेववेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी गेटबाहेरच्या सभेतून घरी आलो तर आई टीव्हीसमोर बसलेली. बातम्यांत तेच कचऱ्याचे ढीग दाखवत होते. ती म्हणाली, "अरे, तुझे दिवे तरी चालू आहेत ना?" मी तिला सांगितलं, दिवे चालू आहेत, ते बंद पडू द्यायचे नाहीत असं आमचं आमच्यातच ठरलंय. खाली उतरणाऱ्या विमानातल्या माणसांचा आमच्या भांडणाशी काय संबंध? 4 फेब्रुवारीला संप मिटला. कोणाचीही नोकरी जाणार नाही, असं आश्वासन सरकारने दिलं. भाडेपट्टा मात्र तसाच राहिला.

त्यानंतर दर रविवारी संध्याकाळी आम्ही तलावपाळीला जमायला लागलो. ठाण्यात राहणारे चौघे, कळव्याचा एक आणि ऐरोलीहून येणारे दोघे. गडकरी रंगायतनच्या बाजूला कठड्यावर बसायचं आणि प्रत्येकाने आठवडाभर ऐकलेलं मांडायचं. आमच्यातला एकजण हिशेब खात्यात होता. त्याच्यामुळे मला पहिल्यांदा भाडेपट्टा म्हणजे काय ते समजलं. तोवर आम्ही सगळे "विकला, विकला" म्हणत होतो.

तो म्हणाला, "विकलेला नाही रे. घर भाड्याने देतो तसं समज, पण भाडं ठरावीक रकमेत नाही, गल्ल्यात ठरलंय. विमानतळावर जमा होणाऱ्या दर शंभर रुपयांतले 38 रुपये 70 पैसे प्राधिकरणाला. नफ्यातले नाहीत, गल्ल्यातले. कंपनीला तोटा झाला तरी द्यायचे." मुंबईचा आकडा 38.7 टक्के, दिल्लीचा 45.99. मुदत तीस वर्षं, पुढे आणखी तीस वाढवण्याची सोय. चालवणाऱ्या कंपनीत खासगी भागीदारांचा वाटा 74 टक्के, प्राधिकरणाचा 26. जमीन प्राधिकरणाचीच. मुदत संपली की बांधलेलं सगळं परत. विमानांना दिशा देणारा टॉवर प्राधिकरणाकडे, पहारा सीआयएसएफकडे, कस्टम आणि इमिग्रेशन सरकारकडे. बाकी सगळं, म्हणजे धावपट्ट्या, टर्मिनल, दुकानं, पार्किंग आणि माझे दिवे, कंपनीकडे.

"आणि आपण?" कळव्यावाल्याने विचारलं.

आपल्यासाठी करारात एक आकडा होता. तीन वर्षं आपण प्राधिकरणाच्या पगारावरच नोकर, पण काम कंपनीसाठी. त्या काळात कंपनीने किमान 60 टक्के लोकांना नोकरीचा देकार द्यायचा. देकार स्वीकारायचा की प्राधिकरणातच राहायचं, ते आपण ठरवायचं. राहिलो तर बदली देशात कुठेही.

त्या साठ टक्क्यांनी आमची झोप घालवली. कोणते साठ? कठड्यावर आम्ही सात जण बसलो होतो. सातातले साठ टक्के म्हणजे चार. कोणीच मोठ्याने बोललं नाही, पण प्रत्येकाने मनात तेच मोजलं असणार. मी तरी मोजलं. सोबत बसलेल्या माणसाचं वय, त्याची तब्येत, साहेबांशी त्याचं जमतं की नाही, हे मी त्या क्षणी मनात तोललं, आणि त्याची मला आजही खंत आहे. पंधरा-वीस वर्षं एका डब्यातून खाल्लेली माणसं होती ती.

4 एप्रिलला करार झाला आणि 3 मे रोजी ताबा द्यायचा ठरलं. मधल्या महिन्यात यादी करायची होती: विमानतळावर काय काय आहे त्याची. प्रत्येक विभागात जोड्या लावल्या, आमचा एक आणि त्यांचा एक. दिव्यांसाठी मी होतो. त्यांच्याकडून आलेला मुलगा असेल पंचविशीचा, इंजिनिअर, सांगलीकडचा. पहिल्या दिवशी तो मला "सर" म्हणाला. मी म्हटलं, मी टेक्निशियन आहे, सर तुम्ही. तर म्हणाला, "मग काका म्हणतो." यादी संपेपर्यंत काकाच राहिलो.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात. त्यामुळे एक देखभालीसाठी बंद असेल तेव्हाच तिच्यावर उतरायचं, तेही टॉवरची परवानगी घेऊन. दर वेळी दीड-दोन तास मिळायचे. हातात फॉर्म, त्यात रकाने: वस्तू, नग, क्षमता, बसवल्याचं वर्ष, स्थिती, शेरा. दिवे मोजले. दिव्यांना वीज पुरवणारे रेग्युलेटर मोजले. पिटची झाकणं उघडून आतले छोटे ट्रान्सफॉर्मर मोजले.

हे पिट काय असतं ते सांगायला हवं. धावपट्टीचे दिवे घरातल्या दिव्यांसारखे जोडलेले नसतात, ते एकामागे एक माळेत असतात. गणपतीच्या मखराला पूर्वी लावायचो ना, एक दिवा गेला की अख्खी माळ जायची, तशी माळ. विमानतळावर एक दिवा गेल्याने बाकीचे जाऊन चालणार नाहीत, म्हणून प्रत्येक दिव्यामागे एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, जमिनीतल्या झाकणाच्या खड्ड्यात, पाणी शिरणार नाही अशा बंदोबस्तात. तो खड्डा म्हणजे पिट. माळेतून वीज जाते ती कायम एका मापाने, पूर्ण उजेडाला 6.6 अँपिअर. म्हणून पहिला दिवा आणि शेवटचा दिवा सारखाच उजळतो. ही सगळी केबल जमिनीखालून किलोमीटरच्या किलोमीटर जाते. तिचा शत्रू एकच, पाणी. एका जागी वेष्टण खराब होऊन वीज जमिनीत मुरायला लागली तर काही दिसत नाही. दुसऱ्या जागीही तसं झालं की मधल्या दिव्यांना वीज पुरत नाही आणि ते मिणमिणतात किंवा विझतात. तोवर पहिली जागा सापडली पाहिजे. म्हणून आम्ही रोज मेगर लावून वेष्टणाची ताकद मोजायचो आणि वहीत लिहायचो. पावसाळ्यात तो आकडा कसा खाली खाली येतो, ते पाहून आम्हाला पाऊस कळायचा.

14-32 क्रमांकाच्या धावपट्टीच्या कडेला यादी करत असताना आमचे मुकादम सोबत होते. मूळचे राजापूरकडचे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. दोन पिटची नोंद झाल्यावर तो मुलगा पुढे निघाला, तर मुकादम जागचे हलले नाहीत. तिसऱ्या पिटपाशी उभे राहून त्यांनी पावलं टाकायला सुरुवात केली, नाल्याच्या दिशेने, एका मापाने. अकराव्या पावलावर थांबले आणि बुटाची टाच जमिनीवर आपटली.

"इथं सांधा आहे."

नकाशात तिथे काहीच नव्हतं, केबल सरळ जात होती. मुकादमांनी सांगितलं की बऱ्याच वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री केबल इथे तुटली होती. सकाळच्या विमानांआधी दिवे लागायलाच हवे होते, म्हणून इथे सांधा मारला. तो चांगला लागला, म्हणून कोणी पुन्हा उकरला नाही. 26 जुलै 2005 ला मिठी नदी विमानतळात शिरली, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, विमानतळ तीस तासांहून जास्त बंद राहिला, त्या वेळीही हा सांधा टिकला. मला ते दोन दिवस चांगले आठवत होते. मी ड्यूटीवर अडकलो होतो. पाणी ओसरल्यावर आम्ही पिटमागून पिट उपसले होते, मेगरचा काटा शून्यावरून हलेना तेव्हा याच मुकादमांनी आम्हाला कुठून सुरुवात करायची ते सांगितलं होतं. ते कशावरून सांगत होते, ते मला त्या दिवशी, यादी करताना कळलं.

मुलाने फॉर्म पाहिला. सांध्यासाठी रकाना नव्हता. त्याने थोडा विचार केला आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं: "पिट क्र. 3 पासून 11 पावले नाल्याच्या बाजूस सांधा (तोंडी माहिती)." मग मुकादमांना विचारलं, "काका, असे अजून किती आहेत?"

मुकादम म्हणाले, "चालत गेलो की आठवतील."

पण चालायला वेळ नव्हता. दोन तास संपत आले होते, टॉवरवरून रनवे रिकामा करा म्हणून निरोप आला. पुढच्या दिवसांत आम्ही अजून चार-पाच जागा नोंदवल्या. बाकीच्या मुकादमांसोबत राहिल्या आणि 2007 च्या अखेरीस त्यांच्यासोबतच राजापूरला गेल्या.

यात मी कोणाला दोष देत नाही. यादी प्रामाणिकपणे झाली. तो मुलगाही मन लावून काम करणारा होता. पण इतक्या मोठ्या व्यवहारात काय हातातून हातात गेलं, याचा विचार करताना मला ती अकरा पावलं आठवतात. ट्रान्सफॉर्मर किती, दिवे किती, जमीन किती हे सगळं करारात असतं. ही जमीन कशी वागते हे माणसांच्या अंगात असतं, आणि त्याच माणसांना आपण सांगत होतो की तुमच्यातले साठ टक्के.

3 मे उजाडला. माझी दुपारपाळी होती. गेटवर तोच जवान, सबस्टेशनमध्ये तीच घरघर. फलकाखाली नवं नाव आलं होतं. संध्याकाळी साडेसहाला मी नेहमीसारखे दिवे लावले आणि टॉवरला कळवलं. ते म्हणाले, "ओके."

पुढची तीन वर्षं सोबत काम केलं. बरंच काही सुधारलं, ते सांगायलाच हवं. साहित्य मागितलं की पूर्वी फाईल फिरायची, आता आठवड्यात मिळायला लागलं. जुनी टर्मिनलं थकलेली होती, ती उजळ झाली. जून 2007 मध्ये एका रात्री अडीच वाजता घरी फोन वाजला. तोच सांगलीचा मुलगा. माळ मिणमिणतेय, एक जागा सापडली, दुसरी सापडत नाहीये. मी अंथरुणात बसून डोळे मिटले आणि धावपट्टीच्या कडेने मनात चालत गेलो. म्हटलं, "शेऱ्याचा रकाना बघ." चाळीस मिनिटांनी पुन्हा फोन आला. सांधा तिथेच होता, अकरा पावलांवर. बायको जागी होती. म्हणाली, "अहो, पगार कोण देतं आणि फोन कोण करतं!" पण मला त्या रात्री फार बरं वाटलं. दिवे कोणाचे, हा प्रश्न उतरणाऱ्या वैमानिकाला पडत नाही.

2009 च्या सुरुवातीला पत्रं आली. मला देकार होता. त्या दिवशी लोकलमध्ये ते पाकीट मी खिशातून काढलं नाही, ठाण्याला उतरून फलाटावरच्या बाकावर बसून वाचलं. पगाराचा आकडा चांगला होता. महिना दीड महिना घरात दुसरा विषय नव्हता. मी पन्नाशीला आलो होतो, मुलगा दहावीला, आई सत्तरीत. हिशेब खात्यातला मित्र एका रविवारी तलावपाळीला कोरा कागद घेऊन आला आणि मधोमध रेघ मारून त्याने माझ्याकडून प्रश्न लिहून घेतले. निवृत्तीनंतर आजारपणाचा खर्च कोण करणार? भविष्य निर्वाह निधी अखंड राहणार की तुटणार? बावीस वर्षांची सेवा नव्या ठिकाणी धरतात का? कामाच्या जागी मोठा बदल झाला तर मी कुठे? शेवटचा प्रश्न मी स्वतः जोडला: ही कंपनी पुढे दुसऱ्या कोणी घेतली तर?

त्याला तो प्रश्न लांबचा वाटला. मला वाटला नाही. भाडेकरू तीस वर्षांसाठी आहे, पण भाडेकरूच्या घरात माणसं बदलू शकतात, एवढं मला कळत होतं.

मी प्राधिकरणातच राहिलो. कळव्यावाल्याने देकार घेतला. ऐरोलीच्या दोघांपैकी एकाने घेतला, एकाने नाही. आमच्यात यावरून कधी कटुता आली नाही. ज्याचं त्याचं घर, ज्याचे त्याचे आईबाप. माझी बदली औरंगाबादला झाली, चिकलठाण्याला. दहा वर्षं मी देवगिरी एक्सप्रेसने ये-जा केली. महिन्यातून दोनदा ठाण्याला. मुलाची बारावी, त्याचं इंजिनिअरिंग, आईचं शेवटचं आजारपण, या सगळ्यात मी पाहुण्यासारखा घरी यायचो. त्याची भरपाई कुठल्याही पत्रात नव्हती. पण निर्णय माझा होता.

औरंगाबादला गेल्यावर मला त्या 38 रुपये 70 पैशांचा अर्थ नीट कळला. तिथे दिवसाला मोजकी विमानं यायची. दिवे मात्र तेवढेच लागतात, अग्निशमनाची गाडी तेवढीच सज्ज ठेवावी लागते. विमान एक येवो की पन्नास, धावपट्टी अर्धी पेटवून चालत नाही. हा खर्च छोट्या विमानतळाच्या गल्ल्यातून निघत नाही. मुंबई-दिल्लीसारखे कमावते विमानतळ प्राधिकरणाला जे देतात त्यावर हे लहान विमानतळ उभे असतात. घरात एक भाऊ कमावता आणि बाकीचे शिकत असलेले, असं ते. म्हणून कमावता विमानतळ भाड्याने देताना हिस्सा किती ठरतो, याच्याशी चिकलठाण्याच्या दिव्याचा थेट संबंध आहे. मुंबईच्या प्रवाशांशीही आहे. 2009 च्या एप्रिलपासून मुंबईहून उडणाऱ्यांच्या तिकिटावर विकास शुल्क लागलं, देशात 100 रुपये आणि परदेशी 600. पुढे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की विमानतळांचे दर ठरवण्यासाठी नेमलेल्या वेगळ्या संस्थेच्या ठरावाशिवाय असं शुल्क घेता येणार नाही. विमानतळाला स्पर्धा नसते. ठाण्याच्या माणसाला दर परवडला नाही म्हणून तो दुसऱ्या विमानतळावर जाऊ शकत नव्हता. म्हणून वर बसून दर तपासणारं कोणीतरी लागतंच. भाडेपट्ट्याआधी ते नेमायला हवं होतं असं माझं मत आहे. मुंबईचा ताबा 2006 ला गेला, दर ठरवणारी संस्था उभी राहिली 2009 ला.

कळव्याच्या मित्राचं उत्तम चाललं. 2014 ला सहारचं नवं टर्मिनल सुरू झालं तेव्हा त्याने मला आत नेऊन दाखवलं. छताला मोरपिसासारखे डोळे आहेत, त्यांच्याखाली आम्ही दोघं मान वर करून उभे राहिलो. मला खरंच अभिमान वाटला. मग जुलै 2021 मध्ये कंपनीतला मोठा हिस्सा एका समूहाकडून दुसऱ्या समूहाकडे गेला. करार तोच, मुदत तीच, धावपट्टी तीच. मित्राने फोन करून सांगितलं, "गळ्यातली दोरी बदलली रे." ओळखपत्राची. त्या रविवारी आम्ही तलावपाळीला बसलो होतो. त्याने माझ्या कागदावरचा शेवटचा प्रश्न आठवून दिला आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला. नोकरीला धक्का लागला नव्हता. पण आपण कोणासोबत सही केली आणि आता कोणाकडे आहोत, हे माणसाच्या मनात राहतंच.

यंदा जानेवारीत आम्ही नवी मुंबईच्या विमानतळावर गेलो होतो. 25 डिसेंबर 2025 पासून तिथून विमानं उडायला लागली. मुलाला बंगळुरूला जायचं होतं. बायकोची मावशी कोंबडभुज्याची, या विमानतळासाठी उठलेल्या दहा गावांपैकी एक. तिलाही सोबत घेतलं. मुलगा आत गेल्यावर आम्ही बाहेर थोडं थांबलो. मावशी म्हणाली, "पंचनाम्याला आले तेव्हा नारळ मोजले, शेवगा मोजला, विहीर मोजली. सगळं लिहून नेलं." मग हात लांब करून एका दिशेला दाखवलं, "आमचं अंगण त्या अंगाला." तिकडे सपाट मैदान होतं आणि पलीकडे कापलेला उलव्याचा डोंगर. तिला कसं कळलं म्हणून मी विचारलं नाही. मला मुकादम आठवले.

इथला भाडेपट्टा वेगळ्या रीतीचा. मुंबईत चालता-बोलता विमानतळ दिला होता, पहिल्या दिवसापासून गल्ला सुरू. इथे दलदल भरायची, डोंगर उतरवायचा, नदी वळवायची आणि मग बांधायचं. म्हणून इथे 2017 च्या निविदेत सरकारी बाजूला गल्ल्यातला हिस्सा ठरला 12.60 टक्के, शिवाय सिडकोची 26 टक्के भागीदारी. मुदत तीस वर्षं आणि पुढे दहा. लोक 38.7 आणि 12.6 शेजारी ठेवून भांडतात, तेव्हा मी सांगतो की एक भरल्या दुकानाचं भाडं आहे आणि दुसरं मोकळ्या जागेवर दुकान बांधणाऱ्याचं. तुलना करायची तर चालत्या विमानतळांशीच करा. 2019 ला अहमदाबाद, लखनौ, मंगळुरू, जयपूर, गुवाहाटी आणि तिरुवनंतपुरम हे सहा चालते विमानतळ दिले, तेव्हा रीत बदलली. गल्ल्यातला हिस्सा नाही, दर प्रवाशामागे ठरावीक रुपये. अहमदाबादला 177, मंगळुरूला 115. ही रीत मला सरळ वाटते, कारण कोणाचा गल्ला किती याचा वाद घालावा लागत नाही, डोकी मोजायची. पण मुदत पन्नास वर्षं. ताबा देताना जो सगळ्यात तरुण टेक्निशियन तिथे उभा असेल, तोही परत घेण्याच्या दिवशी नोकरीत नसेल. मुंबईची तीस वर्षं मे 2036 ला भरतील, तेव्हा सांगलीचा मुलगा पंचावन्नचा असेल, त्याला निदान तो शेऱ्याचा रकाना आठवेल. पन्नास वर्षांत दोन्ही टोकं पाहिलेला एकही माणूस राहत नाही. परत घेताना यादी कोण तपासणार? मला हा प्रश्न पैशापेक्षा मोठा वाटतो, आणि करारांमध्ये यावर ओळी वाढाव्यात असं मनापासून वाटतं. जुनी माणसं निघण्याआधी त्यांना सोबत घेऊन सगळी जमीन चालून काढण्याची ओळ. ती नोंद दर पाच वर्षांनी दोन्ही बाजूंनी मिळून तपासण्याची ओळ. ताबा घ्यायला महिना ठेवता, त्यातले आठ दिवस फक्त ऐकायला ठेवा.

पुढे कोणते विमानतळ द्यायचे याची चर्चा चालू आहे. मोठ्याला छोटा जोडून द्यायचा, असा विचार आहे, म्हणजे छोटा मागे राहणार नाही. त्यात रायपूरच्या जोडीला औरंगाबादचं नाव आलं. गेल्या आठवड्यात तिथून एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. मी सोडलं तेव्हा नवा लागला होता, आता तिशी ओलांडलीय, घरी लहान मुलगी आहे. आवाजात तीच धाकधूक, जी आमच्या कठड्यावर होती. त्याने विचारलं, "काका, तुम्ही तेव्हा काय केलं?"

मी त्याला कागदाच्या मधोमध रेघ मारायला सांगितलं आणि पाचही प्रश्न लिहून दिले. म्हटलं, उत्तरं तोंडी घेऊ नकोस, लेखी मिळेपर्यंत सही करू नकोस. मित्राने सही केली तर त्याच्याशी बोलणं सोडू नकोस. आणि बायकोला पहिल्या दिवसापासून सगळं दाखव, शेवटी नको.

मग मी त्याला विचारलं, जुना वायरमन अजून आहे का? आहे, म्हणाला, ऑगस्टमध्ये निवृत्त होतोय.

"मग त्याला घेऊन चालून ये," मी म्हटलं. "अख्खी धावपट्टी, दोन्ही कडा. तो जिथे थांबेल तिथे खूण कर आणि पावलं मोजून वहीत लिही. कुठल्या पिटपासून, कुठल्या अंगाला. कोणी सांगायची वाट बघू नकोस."

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "उद्या आम्हा दोघांची रात्रपाळी आहे. शेवटचं विमान गेलं की टॉवरला विचारतो आणि निघतो."